उभ्या गाडीचा करंट

त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो कॅंटीनच्या रांगेत. मला अमरावतीहून पुण्यात येऊन जेमतेम आठवडा झाला होता, हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीत माझं ओळखपत्रही अजून छापून आलेलं नव्हतं, आणि रांगेत माझ्यापुढे उभे असलेले, खिशाला टेस्टर अडकवलेले एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, "आपण इंजिनिअर का?"

मी हो म्हटलं. त्या इमारतीत नाही म्हणणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागला असता.

"कशातल्या?"

"इलेक्ट्रॉनिक्स."

"वा, वा. मग सांगा, गाडीतला डायनॅमो आणि अल्टरनेटर यांत फरक काय?"

परीक्षेत आठ मार्कांना येणारा प्रश्न होता. मी घडाघडा म्हणून दाखवलं. दोघंही इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतात आणि बॅटरी चार्ज करतात. डायनॅमोत चुंबक जागेवर असतो आणि तारेचं वेटोळं फिरतं. अल्टरनेटरमध्ये वेटोळं जागेवर आणि चुंबक फिरतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, ताटात कोशिंबीर वाढून घेतली आणि म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे. कधी समजून घ्यावंसं वाटलं तर खाली जनरेटरच्या खोलीत या."

पुढे कळलं की ही परीक्षा प्रत्येक नव्या माणसाला द्यावी लागते आणि तिच्यात आजवर कोणीही पास झालेलं नाही. एका मुलाने, "अंकल, दोन्ही सेमच ना, फक्त व्हर्जन वेगळं," असं उत्तर दिलं होतं. नंतर तो लिफ्टमध्ये दिसला की ते जिना घेत. दुसरा म्हणाला होता, "सर्च करून मेल टाकतो सर." त्यावर हे म्हणाले, "सर म्हणू नका. मी काही शिकवलेलं नाही आणि आपण काही शिकलेला नाही."

तेव्हापासून तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत. पाठीमागे डायनॅमोकाका.

काकांकडे कंपनीचे डिझेल जनरेटर होते. त्या काळी वीज जायची वेळ मुहूर्तासारखी जाहीर होऊन यायची, आणि अमेरिकेतल्या कोणा बँकेचा हिशेब हिंजवडीतल्या अंधारात अडकू नये म्हणून काका तळघरात बसलेले असत. त्याआधी त्यांची सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात गेली होती. तिथे गाड्यांचे डायनॅमो बनत आणि त्या विभागाचे काका सुपरवायझर होते. मग देशाची दारं उघडली, नवनव्या गाड्या आल्या, आणि त्यांतल्या एकीतही डायनॅमो नव्हता. कारखान्यात पलीकडच्या शेडमध्ये अल्टरनेटर बनत. ती शेड वाढत वाढत यांच्या शेडपर्यंत आली. काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते सांगत. डायनॅमोची लाइन बंद झाली त्या दिवशी तिच्यावरून उतरलेला शेवटचा डायनॅमो त्यांनी मागून घेतला, घरी आणला आणि स्वतःच्या गाडीत बसवला. ती गाडी साठीच्या दशकातली होती, काळी, गोल डोळ्यांची, आणि काकूंच्या मते त्यांच्या लग्नापेक्षा जास्त काळजीने सांभाळलेली.

मी एकदा धीर करून विचारलं, "काका, पण खालच्या जनरेटरमध्येही शेवटी अल्टरनेटरच असतो ना?"

"असतो. तो बिचारा नोकरी करतो, मीही करतो. आम्ही एकमेकांच्या घरी जात नाही."

मी कसबा पेठेत एका बाईंकडे पेइंग गेस्ट होते आणि काका पलीकडच्याच गल्लीत राहत. कंपनीची बस पेठेत शिरत नसे, त्यामुळे एके दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं की सकाळी आठला कोपऱ्यावर उभ्या राहा, माझ्याबरोबर चला. मला वाटलं पुण्यात माणुसकी आहे. ती होतीच, पण गाडीला मागून ढकलायला एक माणूसही हवा होता.

आता तो फरक सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगते. मला तो समजला तोही पुस्तकातून नाही, त्या गाडीच्या मागच्या बंपरला खांदा लावून. डायनॅमोला करंट द्यायला वेग लागतो. गाडी धावत असली की तो झकास देतो. गाडी सिग्नलला उभी राहिली, इंजिन मंद झालं, की तो देणं बंद करतो. समोर एक लाल दिवा लागतो, आणि तेवढा वेळ सगळं बॅटरीच्या शिलकीवर चालतं. अल्टरनेटर उभ्या गाडीतही करंट देत राहतो. ज्या गावात गाड्या धावतात तिथे डायनॅमो चालतो, आणि जिथे त्या नुसत्या उभ्या असतात तिथे अल्टरनेटर लागतो. हे इतकं सरळ आहे. काकांना मात्र यात नीतीचा प्रश्न दिसत असे.

"उभ्याउभ्या करंट!" ते स्टिअरिंगवर हात आपटून म्हणत. "हलायचं नाही, पळायचं नाही, जागेवर गुरगुरायचं आणि करंट घ्यायचा. हे वळण चांगलं नव्हे, वऱ्हाड."

वऱ्हाड म्हणजे मी. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

"आणि बॅटरी पार मेली असेल ना, तरी डायनॅमोवाली गाडी ढकला, सुरू होते. का? तर त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहिलेलं असतं. तेवढ्यावर तो स्वतःचा स्वतः उभा राहतो. तुमच्या अल्टरनेटरला आधी कोणीतरी बाहेरून करंट पाजावा लागतो. पाजल्याशिवाय महाराज उठत नाहीत."

हे खरं होतं. पण गाडी ढकलावी लागू नये अशीच सोय केली तर काय वाईट, हा प्रश्न मी विचारत नसे, कारण मला रोज त्यांच्याच गाडीतून जायचं होतं.

माणसांचीही त्यांनी अशीच विभागणी केली होती. आमच्याकडे ज्यांना प्रोजेक्ट नाही अशी मुलं बेंचवर बसून पगार घेत. ते शुद्ध अल्टरनेटर. आमचा मॅनेजर, अल्टरनेटर. क्लायंटचा फोन आल्याशिवाय तो सुरू होत नसे, हा पुरावा. गावची जमीन आयटी पार्कला देऊन आता दारात तीन गाड्या घेऊन बसलेला हिंजवडीच्या कोपऱ्यावरचा पाटील, तोही अल्टरनेटर. डायनॅमो म्हणून त्यांनी मान्य केलेली माणसं फार थोडी होती. मंडईत डोक्यावरून पोती वाहणारे हमाल होते, काकू होत्या, आणि स्वतःबद्दल ते विनयाने काही बोलत नसत, फक्त आपण बोलावं अशी वाट बघत.

गाडीत बसण्याचे नियम होते. पुण्यात अशा नियमांची पाटी लावतात म्हणे. काकांना पाटीची गरज नव्हती, ते स्वतः बोलू शकत होते. रेडिओ नाही. आतला दिवा नाही. हॉर्न नाही, हॉर्नऐवजी ते खिडकीतून तोंड बाहेर काढून "अहो!" म्हणत, आणि त्या 'अहो'त इतका मान असे की पुढचा माणूस शरमेने बाजूला होई. वळताना दिवा नाही, हात. संध्याकाळी सिग्नल लागला की हेडलाइट बंद, एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने अॅक्सिलरेटर, गाडी जागच्या जागी डरकाळ्या फोडतेय आणि लाल दिवा विझलाय की नाही हे मी बघायचं. पावसात सिग्नलला वायपरही बंद होत. "उभ्या गाडीला पुढचं बघून करायचंय काय?" हे त्यांचं म्हणणं.

रस्ताही डायनॅमोच ठरवायचा. जिथे सिग्नल कमी तो रस्ता आमचा, मग तो दुप्पट लांब का असेना. आधी आम्ही औंधवरून जात होतो. तिथे सिग्नल बसले तसे पाषाणवरून जायला लागलो. तिथे बसले तसे बाणेरच्या आतून, शेतातून, मग त्या शेतात इमारती उठल्या. प्रत्येक नवा सिग्नल काका स्वतःवरचा हल्ला समजत. एकदा एका चौकात खांब उभा करणाऱ्या कामगारांपाशी गाडी थांबवून त्यांनी विचारलं, "इथे कशाला? इथे तर गाड्या चालतायत अजून!" कामगार म्हणाला, "म्हनून तर बसवतोय साहेब." काका दिवसभर जेवले नाहीत. दोन-तीन वर्षांत गाव असं भरलं की न थांबता जाता येईल असा रस्ता पुण्यात उरला नाही, आणि मग आम्ही आठवड्यातून एकदा तरी कुठे ना कुठे बंद पडू लागलो.

गाडीची दुरुस्ती आमच्या पेठेतला दत्तू मिस्त्री करायचा. म्हणजे डायनॅमोला सोडून बाकी गाडीची. डायनॅमोला हात लावायची परवानगी कोणालाच नव्हती. दत्तू दर वेळी म्हणायचा, "काका, अल्टरनेटर टाकू या. अर्ध्या दिवसाचं काम हाय." काका म्हणायचे, "दत्तू, तुझ्या आईला आता चालवत नाही, म्हणून तू दुसरी आणलीस का?" दत्तूने पुढे पुढे कानाला खडा लावला.

आणि मग वाकडची ती संध्याकाळ आली. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, सगळं हिंजवडी एकदम खरेदीला निघालेलं, आणि पुलाखाली गाड्या मुंगीच्या पावलानेही सरकत नव्हत्या. लाल दिवा लागला तो लागलाच. काकांनी डरकाळ्या फोडून पाहिल्या. हेडलाइट पिवळे झाले, मग तांबूस झाले, मग इंजिनाने एक आचका दिला आणि गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ उठला. काका उतरले, एक हात खिडकीतून स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या खांबाला, आणि मागून मी. ओढणी कमरेला बांधायची मला सवय झाली होती.

थोडं ढकललं आणि गाडी जड झाली. बघते तर काका ढकलायचे थांबले होते. मला वाटलं नवा सिद्धांत सुचला. ते चालत जाऊन दुभाजकावर बसले. चेहरा घामाने निथळत होता. म्हणाले, "वऱ्हाड, आधी हॅंडब्रेक लावा."

मी हॅंडब्रेक लावला आणि मग रडायला लागले. मागच्या गाडीतला मुलगा इतका वेळ हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तोच धावत आला आणि आम्ही दोघांनी काकांना त्याच्या गाडीत घातलं. नवी कोरी गाडी होती. रस्ता मोकळा होईपर्यंत तीही जागेवर उभीच होती. काका मागे रेलून डोळे मिटून बसले होते, हात छातीवर. मध्येच पुटपुटले, "उभी आहे तरी एसी चालतोय." कौतुकाने की तिरस्काराने, ते मला कळलं नाही.

हृदयविकाराचा झटका होता. वेळेवर पोचलो म्हणून निभावलं. डॉक्टरांनी काकूंना समोर बसवून सांगितलं, जड उचलायचं नाही, बॉनेटमध्ये वाकायचं नाही, आणि गाडी ढकलणं तर विसरा. पुढच्या वेळी वेळ मिळेलच असं नाही.

काकू या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्या घरात बोलण्याचा कोटा दुसरीकडे संपत असे. पण त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर त्या मला म्हणाल्या, "गाडी विका म्हटलं तर हे आजच जातील. रिक्षाने जा म्हटलं तर म्हणतील, दुसऱ्याच्या अल्टरनेटरवर जगणार नाही. म्हणजे गाडी बंद पडणार हे नक्की, आणि ढकलायला हे उतरणार हेही नक्की. हो ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"दत्तूला बोलाव."

दत्तू आला. काकूंनी त्याला सांगितलं की अल्टरनेटर बसव. दत्तू म्हणाला, काका बॉनेट उघडतील, बघतील. काकू म्हणाल्या, "बाहेरून डायनॅमोच दिसला पाहिजे." दत्तूने बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाला की डायनॅमोचं कवच रिकामं करून, त्याच्या आत छोट्या गाडीच्या अल्टरनेटरचे भाग बसवता येतील. शेजारी लेथवाला हाय, तो तासून देईल. "पन काकू, त्यांना कळलं तर मला जिवंत ठेवतील का?"

"तुला नाही ठेवलं तरी चालेल," काकू म्हणाल्या, "त्यांना ठेवायचंय."

काका घरी आले तेव्हा गाडी दारात जशीच्या तशी उभी होती. त्यांनी बॉनेट उघडायला लावून लांबूनच पाहिलं. तेच काळं लंबुळकं नळकांडं, त्यावर तीच ओरखड्याची खूण. समाधानाने मान हलवली. महिन्या-दोन महिन्यांनी कामावर जायला लागले, पहिला सिग्नल आला, गाडी थांबली, आणि लाल दिवा लागला नाही.

मी शेजारच्या सीटवरून त्या दिव्याकडे बघत होते. काकांनी दिव्याच्या काचेवर टिचकी मारली. पुढच्या सिग्नललाही दिवा लागला नाही. तिसऱ्याला त्यांनी घाबरत घाबरत हेडलाइट चालू ठेवून पाहिले. उजेड जराही कमी झाला नाही. काका माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"वऱ्हाड," ते म्हणाले, "आजारी पडायच्या आधल्या रविवारी मी याचं कम्युटेटर पॉलिशपेपरने घासून साफ केलं होतं, आणि रेग्युलेटर नवीन पद्धतीने लावला होता. आठवतंय? वाकडला ते अजून मुरलं नव्हतं, आता मुरलंय. हे त्याचं फळ आहे."

सगळं आयुष्य अल्टरनेटरला नावं ठेवण्यात घालवलेल्या माणसाने त्याच्या कामाचं श्रेय स्वतःच्या पॉलिशपेपरला दिलं. हे पुण्यातच होऊ शकतं. दुसऱ्या गावच्या माणसाने निदान तो डायनॅमो उघडून बघितला असता.

त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे काकांचा सुवर्णकाळ. जनरेटरच्या खोलीत व्याख्यानं होऊ लागली. डायनॅमो उभ्या गाडीत करंट देत नाही हा इतकी वर्षं पसरवलेला गैरसमज आहे, नीट निगा राखली तर देतो, माझा देतो, या, बघा. मुलं खाली जात, गाडी सुरू करून बघत आणि वर येऊन म्हणत, "मानलं यार, काकांची गाडी भारी आहे." ते औंधवरून जायला लागले. वायपर सिग्नललाही चालू राहिले. एके दिवशी त्यांनी मला रेडिओ लावायची परवानगी दिली. मंडईत ऐन गर्दीत ते मुद्दाम गाडी सुरू ठेवून भाजी घेत, आणि भाजीवालीला सांगत की बघा, उभी आहे. ती म्हणे, "व्हय, दिसतंय की. बाजूला घ्या."

मी मूग गिळून गप्प होते. काकूही होत्या. वाकडचा दुभाजक आता रोज दिसायचा, आणि आम्ही त्याच्यावरून न थांबता निघून जायचो, आणि थांबलो तरी बिघडत नव्हतं. त्या दुभाजकावर काकांना पुन्हा बसलेलं बघण्यापेक्षा मला काहीही चालणार होतं.

पण यश पचवणं काकांच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. चिंचवडच्या कारखान्यातल्या जुन्या लोकांचा स्नेहमेळावा निघाला. तिथे बापट येणार होते. बापट म्हणजे पलीकडच्या शेडचे, अल्टरनेटरचे. पुढे साहेब झालेले. नोकरीभर दोघांचं एका वाक्यावर एकमत झालेलं नव्हतं. काकांनी त्यांना फोन करून आव्हान दिलं: गाडी घेऊन येतो, सगळ्यांसमोर उभ्या गाडीत करंट दाखवतो आणि मग सगळ्यांसमोर डायनॅमो उघडून दाखवतो. उघडायला हरकतही उरली नव्हती. महिन्यापूर्वीच डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की आता तुम्ही सगळं करू शकता, वाका, उचला. काकांनी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले होते आणि डॉक्टरांनाही डायनॅमो ठरवून टाकलं होतं.

काकूंनी मला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "दोन वर्षं मिरवलं त्यांनी. आता त्या सगळ्या माणसांसमोर, बापटांसमोर, ते स्वतःच्या हाताने उघडणार आणि आत ते निघणार. हे मी सहन करू शकणार नाही गं. आणि सांगितलं तर हे चिडून जुनं परत बसवतील, म्हणजे पुन्हा ढकलणं आलं."

मेळाव्याच्या सकाळी त्यांनी प्रयत्न केला. मी दारातच होते. काकू म्हणाल्या, "अहो, जरा ऐका, त्या डायनॅमोचं एक सांगायचं होतं."

"डायनॅमोचं?" काका बुटाची नाडी बांधत म्हणाले. "तू? मला?" आणि हसत हसत गाडीत जाऊन बसले. काकूंनी मला हाताला धरून मागे बसवलं. म्हणाल्या, मला एकटीला जाववत नाही.

सभागृहाच्या आवारात वीस-पंचवीस म्हातारे गाडीभोवती गोळा झाले. काकांनी बाह्या सरसावल्या, बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि हेडलाइट लावले. इंजिन मंद चाललं होतं. लाल दिवा विझलेला. उजेड ठणठणीत. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. काकांनी खिशातून पाना काढला.

तेवढ्यात बापट काठी टेकत पुढे आले. उंच, हडकुळे, ओठ घट्ट मिटलेले गृहस्थ. बॉनेटवर वाकले आणि त्यांनी कान लावला. अल्टरनेटरचा एक बारीक किणकिणता आवाज असतो, डायनॅमोचा नसतो. मला तो दोन वर्षं ऐकू आला नव्हता, पण बापटांचं आयुष्य त्या आवाजात गेलं होतं. मी त्यांच्या भुवया वर गेलेल्या पाहिल्या. त्यांनी मान वर केली आणि का कोण जाणे, थेट काकूंकडे पाहिलं. काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी काही केलं नाही. फक्त आपला उजवा हात उचलून छातीवर, डाव्या बाजूला ठेवला, आणि डोळ्यांनी काकांकडे खूण केली.

बापट सावकाश ताठ झाले. "हरलो," ते म्हणाले. "डायनॅमोच आहे. उभ्या गाडीला करंट देतोय. मान्य."

टाळ्या पडल्या. काका पाना घेऊन पुढे झाले. "थांबा, उघडून दाखवतो."

"काही नको. मी मान्य केलं म्हणजे झालं." बापटांनी त्यांच्या हातातला पाना काढून आपल्या खिशात टाकला. "हात काळे कराल. जेवणाची पानं वाढलीत." आणि खांद्यावर हात टाकून त्यांना घेऊन गेले.

परतताना काकू खुलल्या होत्या. मठ्ठा चांगला होता, जिलबी जरा मऊ पडली होती, कोणाची सून कशी आहे. काका एक शब्द बोलत नव्हते. मला वाटलं विजयाने गहिवरलेत. दापोडीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "बापट आज मला हो म्हणाला."

"चांगलं झालं की," काकू म्हणाल्या.

"नाही झालं चांगलं. मी आज सोमवार म्हटलं तर कॅलेंडर मागवणारा माणूस तो. तो कान लावतो, हरलो म्हणतो, आणि उघडू देत नाही?"

सिग्नल सुटला. काकांनी पुढे जाऊन गाडी कडेला घेतली, इंजिन तसंच चालू ठेवलं, उतरले, आणि बॉनेट उघडून वाकले. बॉनेटमुळे आम्हाला ते दिसत नव्हते. काकूंनी पदर मुठीत धरला होता. बऱ्याच वेळाने बॉनेट बंद झालं. ते येऊन बसले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले.

"कधी?"

"तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा."

"दत्तू?"

"त्याला काही बोलायचं नाही. मी सांगितलं म्हणून केलं त्याने."

"आणि मी दोन वर्षं त्या पोरांना..." मी खिडकीबाहेर बघत होते, पण मला त्यांची इतकी दया आली की डोळ्यांत पाणी आलं.

काकू म्हणाल्या, "शंभरदा वाटलं सांगावं. पण तुम्ही किती खूश होतात. आणि मला तुम्ही हवे होतात. रस्त्यात गाडी ढकलताना गेलेले नको होतात. चूक असेल तर चूक. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन."

इंजिन मंद चालत होतं. शेजारून गाड्या जात होत्या.

"आतलं कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"माळ्यावर. माझ्या लग्नातल्या शालूत गुंडाळून ठेवलंय."

"शालूत? अगं, ग्रीस असतं त्याला."

"पुसून ठेवलंय." मग काकू म्हणाल्या, "हवं तर परत बसवा. तुमचं आहे. मी अडवणार नाही."

मला वाटलं, आता गेलो आम्ही. उद्या ते शालूतलं वेटोळं माळ्यावरून खाली येणार आणि परवा पुन्हा वाकडचा पूल.

"बसवायचं म्हणजे वाकणं आलं," काका शेवटी म्हणाले. "जड उचलणं आलं. दत्तूच्या हातात तर मी ते देणार नाही." मग मान वळवून त्यांनी पहिल्यांदा काकूंकडे पाहिलं. "आणि डॉक्टरांनी मला मनाई केलीय ना?"

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"केलीय," त्या म्हणाल्या.

"किती दिवस?"

"आता कायमचीच."

"मग काय इलाज," काका म्हणाले, आणि त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.